नाशिकमध्ये आर्किटेक्चर की सिव्हिल? कॉलेज निवडण्याआधी आणि निवडताना

मे-जून आला की ओळखीपाळखीतून एकच प्रश्न येतो: ‘पोराचा हात चांगला आहे, आर्किटेक्चरला कुठे घालू?’ पालकांना कॉलेजचं नाव हवं असतं. पण त्याआधीचे दोन-तीन निर्णय राहून गेलेले असतात आणि ते राहिले की कॉलेज कितीही चांगलं असलं तरी दुसऱ्या वर्षी मूल घरी येऊन ‘मला हे नव्हतं करायचं’ म्हणतं. नाशिकमधलं किंवा मालेगाव, येवला, कळवण, सुरगाण्याकडून इथे शिकायला येणारं जे घर या क्षेत्रात पहिल्यांदाच पाऊल ठेवतंय, त्याच्यासाठी हा क्रम लिहितोय.

पायरी १ : आधी डिग्री ठरवा

इमारतीच्या कामाकडे जाणारे रस्ते चार आहेत, आणि एकावरून दुसऱ्यावर जाणं वाटतं तितकं सोपं नाही.

बी.आर्क ही आर्किटेक्चरची पाच वर्षांची, म्हणजे दहा सेमिस्टरची पदवी. त्यातलं एक सेमिस्टर एखाद्या आर्किटेक्टच्या ऑफिसात प्रत्यक्ष काम करण्यात जातं. सिव्हिलची बी.ई. किंवा बी.टेक चार वर्षांची. दहावीनंतर पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा तीन वर्षांचा, आणि तो चांगल्या टक्क्यांनी झाला तर थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो, त्यासाठी सीईटी लागत नाही. चौथा रस्ता आयटीआयच्या ड्राफ्ट्समन सिव्हिलचा, म्हणजे नकाशे काढायचं काम शिकण्याचा. ज्याला दोन वर्षांत कमवायला लागायचं आहे त्याच्यासाठी तो वाईट नाही. चांगला ड्राफ्ट्समन मिळत नाही ही नाशिकच्या ऑफिसांची कायमची रड आहे.

दोन्ही पदव्यांत घर बांधायलाच शिकवतात, मग फरक काय? कायद्याच्या बाजूने बघायचं तर वास्तुविशारद अधिनियम १९७२ नुसार स्वतःला ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घ्यायचा हक्क वास्तुकला परिषदेकडे (काउन्सिल ऑफ आर्किटेक्चर) नोंदणी असलेल्यालाच आहे, आणि त्या नोंदणीसाठी मान्यताप्राप्त पदवी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं की हा कायदा त्या नावाला संरक्षण देतो, घराचं डिझाइन दुसऱ्या कुणी करूच नये असं म्हणत नाही. म्हणूनच महापालिकेचा परवाना घेतलेले इंजिनिअरही ठरलेल्या मर्यादेत नकाशे सादर करताना दिसतात. पण आरसीसी डिझाइन, पूल, धरण, रस्ते, पाणीपुरवठा, सरकारी खात्यांतल्या अभियंत्याच्या जागा, हे सगळं सिव्हिलवाल्यांचं. माणूस घरात कसा वावरेल, उजेड कुठून येईल, रस्त्यावरून इमारत कशी दिसेल, पायऱ्या चढताना आजीला धरायला काय असेल, याची डोकेफोड आर्किटेक्टची.

आता ‘हात चांगला आहे’बद्दल. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळणं आनंदाचं आहे, पण त्यावरून फारसं काही ठरत नाही. स्थिरचित्र सुंदर काढणारी मुलं डिझाइनच्या स्टुडिओत अडखळतात. चित्र जेमतेम, पण ‘ही खोली दुपारी का तापते’ असं विचारणारी मुलं तिथे फुलतात. सुट्टीत दोन गोष्टी करून बघा. ओळखीच्या बिल्डरकडे किंवा कंत्राटदाराकडे स्लॅब असेल त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत साइटवर थांबायचं. दुसऱ्या दिवशी एखाद्या आर्किटेक्टच्या ऑफिसात कोपऱ्यात बसून नुसतं बघायचं. साइटवरून धुळीने माखून आलेलं मूल सळई किती, सिमेंट किती, सेंटरिंग कधी उतरवणार हे सांगत सुटलं, तर त्याला सिव्हिलला जाऊ द्या, हात कितीही चांगला असो.

पायरी २ : परीक्षा

बी.आर्कसाठी बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित हवंच. तिसरा विषय कोणता चालतो आणि किमान टक्के किती, यात मधल्या काळात बदल झालेत, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिकाच बघायची, शेजारच्या मुलाच्या वेळचा नियम धरायचा नाही. गणित घेऊन दहावीनंतरचा तीन वर्षांचा डिप्लोमा केलेल्यांनाही बी.आर्कला प्रवेश मिळतो, मात्र पहिल्या वर्षात.

प्रवेशपरीक्षा दोन. वास्तुकला परिषदेची ‘नाटा’ आणि जेईई मेनचा पेपर २ए. नाटा २०० गुणांची: कागदावर चित्र आणि रचनेचा भाग ८० गुणांचा, संगणकावरचा बहुपर्यायी भाग १२० गुणांचा. वर्षात एकाहून जास्त वेळा देता येते आणि चांगला स्कोअर धरला जातो, म्हणून पहिली परीक्षा लवकर देऊन टाकावी. जेईईच्या पेपरात गणित, अभियोग्यता आणि ड्रॉइंग असतं. नागपूरचं व्हीएनआयटी आणि दिल्ली, भोपाळ, विजयवाडा इथली योजना व वास्तुकला विद्यालयं जेईईवरच प्रवेश देतात. त्यामुळे राज्याच्या प्रवेशप्रक्रियेतल्या कॉलेजातच जायचं असेल तर नाटा पुरते, पण मनात कुठेतरी व्हीएनआयटीचा किंवा बाहेरचा विचार असेल तर जेईईचा फॉर्म आदल्या वर्षीच्या दिवाळीच्या आसपासच सुरू होतो, हे लक्षात ठेवा. तो भरायचा राहून गेला म्हणून हळहळणारे दरवर्षी भेटतात.

राज्यातल्या गुणवत्ता यादीत बारावीचे गुण आणि प्रवेशपरीक्षेचे गुण यांना निम्मं-निम्मं वजन असतं. म्हणजे ‘नाटा आहे ना, बारावीकडे जरा दुर्लक्ष झालं तरी चालेल’ हे क्लासवाल्यांचं म्हणणं सोडून द्या. सिव्हिलसाठी राज्याच्या एमएचटी-सीईटीचा पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गट किंवा जेईई मेनचा पेपर १.

पायरी ३ : मान्यता स्वतःच्या डोळ्यांनी बघा

हे काम दहा मिनिटांचं आहे. वास्तुकला परिषदेच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते. कॉलेजचं नाव, त्या शैक्षणिक वर्षाची मान्यता आणि मंजूर जागा, तिन्ही तपासा. जाहिरातीत एआयसीटीईचं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेचं, नाव ठळक दिसलं तरी आर्किटेक्चरच्या पदवीबाबत शेवटचा शब्द वास्तुकला परिषदेचा. कोल्हापूरच्या एका शिक्षणसंस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०१९ ला हे स्पष्ट केलं. मान्यता नसलेल्या कॉलेजची पदवी हातात असेल, पण नोंदणी होणार नाही.

दूरशिक्षणातून किंवा ऑनलाइन आर्किटेक्चरची पदवी देतो असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून उठायचं, यूजीसीच्या नियमांत त्याला बंदी आहे. इंटिरिअर डिझाइनचा कोर्स बी.आर्कच्या बरोबरीचा आहे, असंही सांगणारे भेटतील. तोही चांगला व्यवसाय आहे, पण त्याने आर्किटेक्ट होता येत नाही.

पायरी ४ : नाशिकची यादी

आर्किटेक्चरसाठी नाशिककरांच्या तोंडी दोन नावं आधी येतात. एक, मराठा विद्या प्रसारक (मविप्र) समाजाचं वास्तुकला महाविद्यालय, गंगापूर रोडला उदोजी मराठा बोर्डिंगच्या आवारात. दुसरं, विद्यावर्धन ट्रस्टचं ‘आयडिया’, गंगापूर रोडनेच पुढे गोवर्धनकडे. दोन्ही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न. सिव्हिलसाठी पंचवटीत अमृतधामचं के. के. वाघ आणि उदोजी बोर्डिंगच्याच आवारातलं मविप्रचं केबीटी ही इंजिनिअरिंग कॉलेजं, डिप्लोमासाठी नाशिकरोडला सामनगावचं शासकीय तंत्रनिकेतन. यांच्याशिवायही आहेत, त्र्यंबक रोडला आणि आडगाव-एकलहरे बाजूला. पण कुणाला पहिला नंबर द्यायचा हे इथे सांगत नाही. शिक्षक बदलले की दोन वर्षांत कॉलेजचा स्वभाव बदलतो, म्हणून पुढची पायरी स्वतः चढायची.

नाशिक सोडून जावं का? माझं मत विचाराल तर मुंबईचं सर ज. जी. (जे. जे.), व्हीएनआयटी किंवा दिल्ली-भोपाळची योजना व वास्तुकला विद्यालयं मिळत असतील तर बॅग भरा. पण पुण्या-मुंबईतल्या कुठल्यातरी खासगी कॉलेजात, तिथलं खोलीभाडं आणि मेस भरून, फक्त ‘पुण्यात शिकतोय’ म्हणण्यासाठी जाण्यात मला शहाणपण दिसत नाही. पाच वर्षांचा तो पैसा चांगला लॅपटॉप, अभ्याससहली आणि एखाद्या मोठ्या ऑफिसातली इंटर्नशिप यांत जास्त उपयोगी पडेल.

पायरी ५ : कॉलेज बघायला सबमिशनच्या आठवड्यात जा

ॲडमिशनच्या दिवसांत कुठलंही कॉलेज बघण्यात अर्थ नसतो. फुलं, फ्लेक्स, एसी केबिन, चहा. पोरगं अकरावीत किंवा बारावीच्या सुरुवातीला असतानाच, सेमिस्टर संपत आलेलं असताना जा. स्टुडिओत पाय ठेवायला जागा नसते, टेबलावर माउंट बोर्डाचे तुकडे, कटर, फेविकॉल, कोपऱ्यात कुणीतरी बॅगेवर डोकं ठेवून झोपलेलं. अशा वेळी कॉलेज काय आहे ते दिसतं.

भिंतीवर पाचव्या वर्षाच्या थिसिसच्या चकाचक शीट लावलेल्या असतील. त्या बघा, पण त्यावर जाऊ नका. मन लावून केलेली थिसिस प्रत्येक कॉलेजात दोन-चार निघतातच, आणि आता सॉफ्टवेअरवर सूर्यास्ताच्या उजेडातलं चित्र कुणालाही काढता येतं. तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची कामं मागा. त्यातही वर्किंग ड्रॉइंग, म्हणजे साइटवर ज्यावरून बांधतात ते नकाशे. घरात कुणालाच यातलं कळत नसेल तर एखाद्या ओळखीच्या आर्किटेक्टला किंवा जुन्या ड्राफ्ट्समनला सोबत न्या आणि त्याला फक्त जिन्याचा सेक्शन (उभा छेद) बघायला सांगा. पायऱ्यांची संख्या मजल्याच्या उंचीशी जुळते का, वळणावर डोकं बीमला आपटेल का, लँडिंग कशावर उभं आहे. मग टॉयलेटचं डिटेल: उतार कुठे, नहाणी ट्रॅप कुठे, पाणी बाहेर कसं जातं. वर्गातल्या मधल्या मुलाची शीट या बाबतीत नीट असेल, त्यावर शिक्षकाच्या लाल पेनाच्या खुणा असतील, तर तिथे शिकवलं जातंय. टॉपरची शीट काही सांगत नाही, तो कुठेही शिकला असता.

शिक्षकांबद्दल थेट विचारा. डिझाइन कोण घेतं? त्यांची स्वतःची प्रॅक्टिस आहे का? स्टुडिओत एका शिक्षकाकडे किती मुलं? कागदावर सगळ्यांकडेच संख्या असते, म्हणून हा प्रश्न चहाच्या टपरीवर मुलांना विचारा. ‘सर आठवड्यातून किती वेळा तुझं डिझाइन बघतात?’ याचं उत्तर मुलं खरं देतात. जुरीला, म्हणजे मुलांची डिझाइनं तपासायला, बाहेरून कोण येतं हेही विचारा. मुंबई आणि पुणे दोन्हीकडून येणं-जाणं एका दिवसात होतं, तरी एखादं कॉलेज वर्षानुवर्षं आपल्याच माजी विद्यार्थ्यांना बोलावत असेल तर मुलांच्या कामाला वारा लागत नाही.

अजून एक गोष्ट मी बघतो: कॉलेज शहराकडे कसं बघतं. नाशिकला शिकण्याचा खरा फायदा इथे आहे. जुन्या नाशकात, सराफ बाजाराच्या आसपास, लाकडी खांबांचे वाडे अजून उभे आहेत आणि दर पावसाळ्यात त्यातला एखादा कोसळल्याची बातमी येते. ते मोजून त्यांचे नकाशे काढायला मुलं जातात का? काळाराम, १७४७ चं नारोशंकर, १७५६ चं सुंदरनारायण, पांडवलेणीतली कोरलेली दालनं, सिन्नरचं यादवकालीन गोंदेश्वर, एवढं सगळं तासाभराच्या अंतरात आहे. बेसाल्टची चिरेबंदी कशी रचली हे हात लावून कळतं. दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं यावरून नाशिककर पूर मोजतात, तर त्याच काठावर डिझाइनचा प्रकल्प देताना निळी आणि लाल पूररेषा मुलांना काढायला लावतात का? सिंहस्थासाठी काही महिन्यांपुरतं शहर उभं राहतं: पाणी, संडास, रस्ते, तंबू, गर्दीची वाट. २०१५ नंतरचा सिंहस्थ २०२७ चा. एवढा मोठा धडा दाराशी असताना एखादं कॉलेज मुलांना नुसते काल्पनिक प्लॉट देत बसलं असेल तर त्याला मी मार्क कापतो.

सिव्हिलच्या कॉलेजात चाचणी वेगळी. तिथे प्रयोगशाळेत जा आणि काँक्रीटचे क्यूब कुणाचे आहेत ते विचारा. शहरातले बिल्डर आणि सरकारी कंत्राटदार सात दिवसांचे, अठ्ठावीस दिवसांचे १५० मिलिमीटरचे क्यूब टेस्टिंगला आणून टाकत असतील, तर ती लॅब जिवंत आहे आणि मुलांना खऱ्या साइटचा माल बघायला मिळतो. मशिनवर प्लॅस्टिकचं कव्हर आणि त्यावर धूळ असेल तर समजून जा. टोटल स्टेशन (जमीन मोजायचं यंत्र) कपाटात आहे की मैदानात, सर्व्हे कॅम्प खरोखर होतो का, शाखेला एनबीए (राष्ट्रीय मानांकन मंडळ) मानांकन आहे का, कॉलेज स्वायत्त आहे का, हे पुढचे प्रश्न. ‘प्लेसमेंट’चा आकडा ऐकताना त्यातले किती सिव्हिलच्या कामावर गेले आणि किती सॉफ्टवेअर कंपनीत, एवढं मात्र विचारा.

आर्किटेक्चरला कॅम्पस प्लेसमेंट फारशी नसतेच. नोकरी पोर्टफोलिओवर आणि इंटर्नशिपच्या ओळखीवर मिळते. म्हणून मागच्या बॅचची मुलं इंटर्नशिपला कुठल्या ऑफिसांत गेली, ती यादी मागा. यादी न देता टक्केवारी सांगितली तर पुढचं कॉलेज बघा.

पायरी ६ : पैशांचं गणित कागदावर मांडा

खासगी कॉलेजची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर दिसते. कॉलेजने सांगितलेला आकडा त्याच्याशी ताडून बघा. त्याव्यतिरिक्त ‘देणगी’ मागणं कायद्याने गुन्हा आहे. राज्यात कॅपिटेशन फीविरोधी कायदा १९८७ पासून आहे. पावती मिळणार नाही असे पैसे देऊ नका.

आर्किटेक्चरला फीबाहेरचा खर्च मोठा असतो, हे कुणी आधी सांगत नाही. शीट, मॉडेलचं सामान, प्लॉटिंग-प्रिंटिंग, अभ्याससहल आणि ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप. सबमिशनच्या आठवड्यात नुसत्या प्रिंटचं बिल बघून घरच्यांचे डोळे विस्फारतात. सॉफ्टवेअरसाठी मात्र पैसे घालू नका. ऑटोकॅड, रेव्हिट विद्यार्थ्यांना कंपनीच अधिकृतपणे फुकट देते.

सवलती बघायच्या तर महाडीबीटी, म्हणजे राज्याचं शिष्यवृत्त्यांचं संकेतस्थळ. घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज योजनेतून शिक्षण शुल्काचा निम्मा भार हलका होतो. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न त्याच मर्यादेत असेल तर, २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या, बाहेरगावच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, पेठ-सुरगाणा-कळवणच्या आदिवासी मुलांसाठी आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं आणि स्वयम योजना. यातल्या शुल्कसवलती साधारणपणे केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, घेतलेल्या प्रवेशालाच लागू होतात. घाबरून आधीच संस्थास्तरावरची, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं ती, जागा घेतली की सवलत हातची जाते.

पायरी ७ : कॅपचा फॉर्म

कागदपत्रं निकालाची वाट न बघता जमवा. अधिवास दाखला, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमी लेयर किंवा ईडब्ल्यूएस. नॉन-क्रीमी लेयरची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून गेल्या वर्षीचा दाखला घेऊन निवांत बसलेला माणूस जूनमध्ये सेतू केंद्राच्या रांगेत असतो. जात पडताळणीला तर वेळ लागतोच, अकरावीतच अर्ज घाला.

ऑप्शन फॉर्ममध्ये कॉलेजं आपल्या पसंतीच्या क्रमाने लिहायची. मागच्या वर्षीचा कटऑफ बघून ‘हे मिळणार नाही’ म्हणून आवडीचं कॉलेज खाली ढकलू नका. वर लिहिलेलं मिळालं नाही म्हणून खाली लिहिलेल्या कॉलेजातली तुमची संधी कमी होत नाही. उलट, पहिल्या क्रमांकावर लिहिलेलं कॉलेज मिळालं की ते पक्कं होतं आणि पुढच्या फेरीत सुधारणेला जागा राहत नाही. म्हणून पहिल्या जागी तेच लिहा जिथे खरंच जायचं आहे. जिथे मूल कुठल्याही परिस्थितीत जाणार नाही ते कॉलेज फॉर्म भरायचा म्हणून लिहू नका. पासवर्ड नेट कॅफेवाल्याकडे ठेवू नका, हेही सांगावं लागतं.

प्रवेशानंतर

बाहेरगावाहून येणाऱ्यांनी खोली कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर घ्यावी, भाडं थोडं जास्त पडलं तरी. सिटीलिंकच्या बस आहेत, पण रात्री अकराला हातात तीन फुटी मॉडेल घेऊन निघालेल्या मुलाला त्यांचा उपयोग नसतो. गंगापूर रोड-कॉलेज रोडचं भाडं झेपत नसेल तर दोघं-तिघं मिळून घ्या. घरमालकाला आधीच सांगा की पोरं रात्रभर दिवे चालू ठेवणार आहेत.

सामान लगेच विकत घेऊ नका. कॉलेजबाहेरच्या स्टेशनरीत ‘फर्स्ट इयर किट’ म्हणून जे बांधून देतात त्यातलं निम्मं वापरलं जात नाही. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, मोठे सेट-स्क्वेअर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं स्वस्तात देऊन टाकतात. रोलर स्केल, चांगला कटर आणि कटिंग मॅट तेवढं नवीन घ्या. लॅपटॉपही पहिल्या दिवशी नको. पहिल्या वर्षी बरंचसं काम हातानेच असतं, आणि कोणतं सॉफ्टवेअर वापरायचं हे कळल्यावर घेतलेला लॅपटॉप पाचव्या वर्षापर्यंत टिकतो.